रिपोर्टची फाईल १९ दिवस उघडलेली नाही

करडा_दगड

नमस्कार. इथे तीन वर्षं वाचनमात्र होते, खातं आज काढलं. पहिलाच धागा आणि तोही असला, सांभाळून घ्या.

भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायला सहा आठवडे उरलेत. लॅपटॉपवर 'फायनल_खरंच_फायनल' नावाची फाईल आहे, ती मी १९ दिवस उघडलेली नाही. लॅपटॉप सुरू करते, फोल्डरपर्यंत जाते, फाईलवर बाण नेते आणि छातीत काहीतरी आवळतं. मग दुसरंच काहीबाही बघत बसते. रात्रीचे तीन वाजतात. सकाळी अकराला जाग येते, तीही आलेली नको वाटते.

बाहेरून बघाल तर माझं काहीच बिघडलेलं नाही. एकही विषय राहिलेला नाही. मार्क बरे आहेत. घरचे समजूतदार आहेत. कोणी छळत नाही. त्याचीच जास्त लाज वाटते. ज्यांच्यावर खरोखर काही कोसळलंय त्यांनी हातपाय गाळावेत, मी कुठल्या तोंडाने?

वर्गातल्या बहुतेकांचं ठरलंय. दोघींना पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, एकाला खाणकामाच्या कंपनीत नोकरी लागली, एक स्पर्धा परीक्षा देणार. रोज कोणाचं तरी 'कळवण्यास आनंद होतो' येतं. मी अभिनंदनाचं एकच वाक्य तयार ठेवलंय, तेच सगळ्यांना चिकटवते. निरोपाच्या टी-शर्टचा साईज विचारणारा मेसेज १२ दिवस पडून आहे. 'मीडियम' एवढंच लिहायचंय. होत नाही.

आईचा फोन रोज रात्री नऊला येतो. "काय गं, नीट चाललंय ना?" "हो." गेल्या आठवड्यात बाबांनी मध्येच फोन घेतला आणि पुढचं काय ठरलं ते विचारलं. म्हटलं, दोन-तीन ठिकाणी बोलणं चालू आहे. कुठेही चालू नाही. एक अर्जसुद्धा केलेला नाही.

आजवर असं होतं की पहिली झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. तुला पुढच्या यत्तेत जायचंय का, असं कोणी विचारलं नाही आणि मलाही तो प्रश्न पडला नाही. आता यत्ता संपल्या. आणि माझ्या लक्षात आलं की मला स्वतःहून काही हवंय असं गेल्या सोळा वर्षांत झालेलंच नाही.

तर प्रश्न असा: आयुष्यात काय करायचं हे तुम्हाला कधी आणि कसं कळलं? आणि कळलं नसेल तर रोज उठता कशासाठी? खवचटपणे विचारत नाहीये, खरंच विचारतेय. 'तुझी पॅशन शोध' एवढं कृपया लिहू नका. शोधून झालं.

एक सांगायचं राहिलं, संबंध आहे की नाही माहीत नाही. परवा गाईड मॅडमना टाळायला थिन सेक्शनच्या खोलीत लपले होते. (त्या तिकडे फिरकत नाहीत, सगळीकडे पावडरचा चिखल असतो.) नुसतं काय उभं राहायचं म्हणून दगडाची एक चकती घेतली आणि काचेवर कार्बोरंडम पावडर नि पाणी टाकून घासत बसले. माहीत नसलेल्यांसाठी: दगडाचा काप काचपट्टीला चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत घासायचा असतो, मग त्यातून उजेड आरपार जातो. तेवढं पट्टीने मोजता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फेल्स्पार (दगडातलं एक खनिज) पिवळट दिसला तर अजून जाड आहे, करडा-पांढरा झाला की थांबायचं. जरा जास्त घासलं की दगडच गायब. तर त्यात दोन तास गेले आणि मला कळलेही नाहीत. बाहेर आल्यावर पुन्हा तेच. म्हणजे ती पळवाटच म्हणायची.

सडेतोड

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. रिकाम्या डोक्याचे उद्योग आहेत हे. पहाटे पाचला उठा, मोबाईल कपाटात टाका, तासभर पळा, आठ वाजता अभ्यासाला बसा. १५ दिवसांत सगळी निराशा पळून जाते की नाही बघा. आमच्या वेळी 'जगायचं कशासाठी' असा प्रश्न विचारायला सवडच नव्हती.

करडा_दगड

@सडेतोड, राग नाही आला. पाचचा प्रयोग करून झाला. पाच वाजता मी जागीच होते, झोपलेच नव्हते.

ओपीडी_सात

मानसोपचार विभागात काम करते. तुझ्याहून बरीच मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते.

ध्येयाचं नंतर बघू. तू लिहिलंस, 'जाग येते, तीही आलेली नको वाटते.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणून सरळ विचारते: मरून जावं, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? असं विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, पण तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून बऱ्याच जणांना हायसं वाटतं. इथे सगळ्यांसमोर लिहायचं नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. पण उत्तर 'हो' असेल तर माझ्या व्यनिची वाट बघू नकोस. खोलीतल्या मैत्रिणीला उठव, तिला सांग आणि एकटी राहू नकोस. भारतात असशील तर १४४१६ ला फोन लाव. ती टेलिमानस सेवा, २४ तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता तुझ्या लाजेबद्दल. नैराश्य आहे की नाही हे ठरवताना आम्ही नऊ गोष्टी बघतो. मन सतत उदास असणं, आणि ज्यात रस होता त्यातला रस जाणं, या दोन मुख्य. मग झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाल मंदावणं नाहीतर उगाच अस्वस्थ येरझाऱ्या, लक्ष न लागणं, आपण कुचकामी किंवा अपराधी आहोत असं वाटणं, आणि मरणाचे विचार. यातली पाच किंवा जास्त, बहुतेक दिवस, सलग दोन आठवडे, आणि त्यात पहिल्या दोनांपैकी एक तरी हवंच. या यादीत 'दुःखाला सबळ कारण असावं' अशी अट कुठेही नाही. ताप आला तर तो येण्याइतके आपण पावसात भिजलो होतो का, याचा हिशोब कोणी मांडत नाही.

याच नऊ गोष्टींवर बेतलेली पीएचक्यू-नाइन नावाची प्रश्नावली आहे, फुकट मिळते, मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त २७. १० किंवा वर बेरीज गेली तर डॉक्टरांना दाखवायचंच. नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज न बघता दाखवायचं. ती भरली म्हणजे निदान झालं असं नाही, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर 'काय होतंय' ला 'काही नाही, असंच' हे उत्तर देण्यापासून ती वाचवते. तुझ्यासारखी मुलं तेच उत्तर देतात, अनुभवाने सांगते.

डॉक्टर बहुधा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासतील, कारण त्यातल्या बिघाडानेही माणूस असाच गळून जातो. गोळी द्यायची की नुसतं समुपदेशन, हे ते ठरवतील. गोळी सुरू झालीच तर गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने ती बंद करायची नसते.

झोपेचं एक आजपासून कर. झोप कधी लागेल हे आपल्या हातात नसतं, उठायची वेळ असते. पाच नको, साडेआठ धर. रात्री कितीही वाजता झोपलीस तरी साडेआठ, आणि उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात. दुपारी आडवं व्हायचं नाही. पहिले चार-पाच दिवस फार वाईट जातील.

आणि हो, रात्री तीनला पडलेला 'कशासाठी जगायचं' आणि दुपारी बाराला पडलेला 'कशासाठी जगायचं', हे शब्द तेच असले तरी वेगळे प्रश्न आहेत. तीन वाजताच्या प्रश्नाशी वाद घालत बसू नकोस. तो तुला हरवायलाच आलेला असतो.

सडेतोड

बाई, तुम्ही तज्ज्ञ आहात, मान्य. पण हल्ली प्रत्येक आळसाला आजाराचं नाव मिळतं हेही खरं की नाही?

ओपीडी_सात

काही वेळा मिळतंही. पण इथे नाही. आळशी माणसाला टी-शर्टचा साईज न कळवल्याचा १२ दिवस त्रास होत नाही, तो मजेत झोपतो.

तुमचा मुद्दा मात्र पुरता सोडून देत नाही. १९६७ साली सेलिगमन आणि मायर या दोघांनी कुत्र्यांवर एक (आज क्रूर वाटेल असा) प्रयोग केला. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, जे काहीही केलं तरी थांबत नव्हते. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती. त्यातले बरेच कुत्रे उठलेच नाहीत, पडून राहिले. याला नाव पडलं 'शिकलेली हतबलता', आणि ५० वर्षं सगळे तेच शिकवत होते. २०१६ मध्ये त्याच दोघांनी, मधल्या काळातलं मेंदूवरचं काम बघून, सांगितलं की आम्ही उलट समजलो होतो. त्रास लांबला की पडून राहणं हा मेंदूचा मूळचाच प्रतिसाद, तो शिकावा लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की माझ्या करण्याने काहीतरी बदलतं.

म्हणजे 'उठा, कामाला लागा' यातलं 'लागा' बरोबर आहे हो. पण पडलेल्याला मॅरेथॉन सांगून भागत नाही. ज्यात हाताखाली लगेच फरक दिसतो असं काहीतरी छोटं द्यावं लागतं. करडा_दगड, तू पळवाट म्हणालीस ती दगडाची चकती मला पळवाट वाटत नाही. पिवळट होतं ते करडं झालं, आणि ते तू केलंस. आठवड्यातून चार दिवस वेळ ठरवून तिथे जा. मूड असो-नसो. मूडची वाट बघून जायचं नाही.

चौदा_महिने

टोपणनाव याच विषयावरचं आहे म्हणून लिहायलाच हवं. यंत्र अभियांत्रिकीची पदवी हातात आली त्या दिवसापासून पहिल्या पगारापर्यंत १४ महिने गेले. तुझं ते 'दोन-तीन ठिकाणी बोलणं चालू आहे' मी वर्षभर वापरलं. पुढे पुढे मी त्या काल्पनिक कंपन्यांना काल्पनिक एचआरसुद्धा दिले होते. एक काल्पनिक एचआर रजेवर गेली म्हणून निकाल लांबला असं मी वडिलांना सांगितलंय. सांगायचा मुद्दा, लवकर थांब. खोटं लक्षात ठेवण्यात जी ताकद जाते ती आत्ता तुझ्याकडे नाहीये.

मला समुपदेशकाकडे बहीण ओढत घेऊन गेली. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती अजून लक्षात आहे. व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ. पुढे छळछावणीतून वाचले म्हणून जगाला माहीत झाले, पण त्याच्या कितीतरी आधी, १९३३ मध्ये, मंदीच्या काळात त्यांनी बेकार तरुणांच्या निराशेवर लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, ही मुलं दोन चुकीची समीकरणं मांडतात: काम नाही म्हणजे मी निरुपयोगी, आणि मी निरुपयोगी म्हणजे जगण्याला अर्थ नाही. त्यांनी अशा मुलांना बिनपगारी कामं घ्यायला लावली. तरुणांच्या संस्था, प्रौढांचे वर्ग, सार्वजनिक वाचनालयं. मुलांची निराशा ओसरली. खिसा तेवढाच रिकामा होता, भूकही तीच होती.

ऐकून मला राग आला. म्हटलं, फुकट राबायला सांगतायत. पण घरी बसून छत बघण्यापेक्षा बरं म्हणून एका वाचनालयात गेलो. कोणीतरी सातशे-आठशे पुस्तकं देणगी दिली होती, ती खोक्यांत पडून होती. त्यांना नंबर टाकून रजिस्टरला चढवायचं काम. मला वाचनाची आवड नव्हती आणि आजही विशेष नाही. पण दिवसाला ४० पुस्तकं व्हायची. संध्याकाळी रजिस्टर मिटताना 'आज ४०' एवढं खरं वाक्य माझ्याकडे असायचं, कोणाला सांगायला. आयुष्याचं ध्येय वगैरे त्यात सापडलं नाही. यंत्रांच्या देखभालीची नोकरी करतो, ती ठीक आहे. बऱ्याच दिवशी चांगलीही वाटते. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर विचारशील तर, कशासाठी उठतो? सकाळच्या पाळीला दोघं माझी वाट बघत असतात आणि मी गेल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नाही.

आता कामाचं बोलतो, कारण तुझे सहा आठवडे चालू आहेत.

फाईल. ती उघडून लिहायचं नाही. नुसती उघडायची, वर खाली करायची आणि बंद करायची. दोन दिवस एवढंच. तिसऱ्या दिवशी शेवटी जाऊन एक मुद्दाम वाईट वाक्य लिहायचं, 'हा दगड काळा आहे' छाप. वाईट वाक्य दुरुस्त करावंसं वाटतं, कोऱ्या पानाचं तसं होत नाही. आणि त्या फाईलचं नाव बदल, त्या नावानेच निम्मा जीव जातो.

गाईड मॅडम. तू त्यांना टाळतेयस म्हणजे तुझ्या डोक्यात त्या रोज तुला ओरडतायत. खऱ्या मॅडम एवढ्या रिकाम्या नसतील. तीन ओळींचा मेल टाक: 'मॅडम, तीन आठवडे माझी तब्येत ठीक नाही, रिपोर्टचं काम थांबलं आहे. डॉक्टरांना दाखवते आहे. या आठवड्यात १५ मिनिटं भेटता येईल का?' बस. माफी एकापेक्षा जास्त वेळा मागायची नाही, कारणमीमांसा लिहायची नाही. आजारपणासाठी मुदतवाढ मिळते का ते तारखेच्या आधी विचार. तारीख उलटल्यावर विचारलं की तेच कारण सबब वाटायला लागतं. मी एका विषयाचं सबमिशन असंच घालवलंय.

अर्जांचं सहा आठवडे विसर. पदवी आधी.

खडू

मी निवृत्त शिक्षिका, तर्कशास्त्र शिकवायचे. सत्तरी ओलांडली आहे, टंकायला वेळ लागतो, तेव्हा उशिरा आले.

बाळ, तुझा 'स्वतःहून मला काही हवंय असं झालेलंच नाही' हा प्रश्न वाचून मला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल आठवला. आगरकर ज्याला गुरुस्थानी मानत तोच हा. बापाने त्याला तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवायला घेतलं, आठव्या वर्षी लॅटिन. जगाची सुधारणा करायची हे त्याचं ध्येय, आणि तेही बहुतेक बापाने नि बापाचा मित्र असलेल्या बेंथम या तत्त्वज्ञाने ठरवून दिलेलं. १८२६ च्या शरद ऋतूत, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने सहज स्वतःला विचारलं: समज, तुला हव्या त्या सगळ्या सुधारणा या क्षणी झाल्या, तर तुला फार आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. आणि ज्यावर सगळं उभं होतं ते कोसळलं. त्याने कोणालाही सांगितलं नाही. बापाला तर नाहीच. तो हिवाळा त्याने निव्वळ सवयीने काम करत काढला, काय केलं ते नंतर त्याला आठवतही नव्हतं.

तो बाहेर कसा आला, तर कुठलंही नवं ध्येय सापडून नव्हे. मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचत होता. त्यात बाप वारल्यावर लहानसा मुलगा घरच्यांना म्हणतो की आता त्यांची जागा मी घेईन. ते वाचून मिलच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याला वाटलं, अजून आत काहीतरी जिवंत आहे, मी लाकूड किंवा दगड झालेलो नाही. 'दगड' हा शब्द त्याचाच आहे. तुझं टोपणनाव वाचून म्हणूनच थांबले.

हे सगळं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं, ते १८७३ मध्ये, तो गेल्यावर छापलं गेलं. त्यात त्याने हेही प्रामाणिकपणे लिहिलं आहे की पुढे तसले दिवस अनेकदा परत आले, काही वेळा कित्येक महिने टिकले, पण पहिल्याइतके खोल नव्हते. हे तुला मुद्दाम सांगते. एकदा बरं वाटून पुन्हा घसरलीस तर 'सगळं फुकट गेलं' असं म्हणू नकोस.

डॉक्टरबाईंचं मला जवळपास सगळं पटलं. फक्त एवढंच की तीन वाजताचा प्रश्न औषधाने गेला तरी दुपारी बाराचा उरतो, आणि तो उरायलाच हवा. तो आजार नाही. मी ३१ वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, पण ते मी निवडलं नव्हतं, दुसऱ्या विषयाला जागा नव्हती म्हणून तिथे गेले. पहिली सहा वर्षं मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. सातव्या वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, बाई, तुमच्या दुसऱ्या विधानावरून तिसरं निघत नाही. बरोबर होतं त्याचं. त्या रात्री मी पहिल्यांदा ते पुस्तक स्वतःसाठी उघडलं. तू विचारलंस ना, कधी कळलं? वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, चूक पकडली गेल्यावर.

मिलची आणखी एक गंमत. तो म्हणतो, आपण सुखी आहोत का असं विचारलं की सुख संपतं. तुला त्या पावडरच्या खोलीत दोन तास कळले नाहीत, कारण तिथे तू तो प्रश्न विचारत नव्हतीस.

करडा_दगड

सगळ्यांचे आभार. ११ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी (एकदाच मागते, @चौदा_महिने).

@ओपीडी_सात ना व्यनि केला होता. त्यांनी सांगितलं म्हणून त्याच रात्री खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं. तिला वाटत होतं मी तिच्यावर चिडले आहे म्हणून बोलत नाही. ती दोन आठवडे माझ्याशी पायाचा आवाज न करता वागत होती, आणि मला ते जाणवलंही नव्हतं. डॉक्टरांकडे तीच आली. प्रश्नावलीत १६ आले. गोळी सुरू झालीय, शिवाय दर बुधवारी समुपदेशन. रक्तात बी-१२ बरंच कमी निघालं, त्याचंही औषध चालू आहे. फरक? अजून फारसा नाही. तोंड कोरडं पडतं. साडेआठचं पहिले चार दिवस तुम्ही सांगितल्यापेक्षाही वाईट गेलं, आता एक-दीडपर्यंत झोप लागते.

मेल टाकायला तीन दिवस लागले, पण टाकला, जवळजवळ शब्दशः @चौदा_महिने यांचाच. मॅडमचं उत्तर ४० मिनिटांत आलं, 'उद्या २ वाजता ये.' गेले तेव्हा त्या कोणाची तरी उत्तरपत्रिका तपासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "बस. किती सेक्शन झालेत?" मी म्हटलं, पाच. त्यांनी विचारलं, आठपैकी? हो. "उरलेली तीन मंगळवारपर्यंत कर, मग लिहायचं बघू. मुदतवाढीचा अर्ज आजच दे, लागली नाही तर परत घेता येतो." एवढंच. मी रडायची तयारी करून गेले होते, संधीच मिळाली नाही.

घरी सांगितलं. बाबा गप्प झाले, मग म्हणाले की त्यांना ते 'दोन-तीन ठिकाणी' खोटं आहे हे तेव्हाच कळलं होतं. आई सध्या दिवसातून तीनदा फोन करते. ते कसं थांबवायचं यावर कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

@खडू आजी, मिलचं मी मैत्रिणीला वाचून दाखवलं. तुमच्या बत्तीस वर्षांचा आम्हा दोघींना फार धीर आला. आमची अजून दहा आहेत.

पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. अर्ज एकही केला नाही. टी-शर्टवाल्यांची ऑर्डर गेली होती, आता जो उरेल तो.

सडेतोड

वाचतोय. मागचं बोलणं जरा जास्त झालं होतं. माझा मुलगाही शेवटच्या वर्षाला आहे, खोलीतून बाहेर येत नाही. त्या प्रश्नावलीचं मराठीतलं नाव कोणी लिहील का?

ओपीडी_सात

@सडेतोड, नाव तेच आहे, पीएचक्यू-९, मराठी भाषांतर मागितलं की मिळतं. पण कागद त्याच्या हातात द्यायच्या आधी नुसते त्याच्या खोलीत जाऊन बसा. पाच वाजताचं बोलू नका. व्यनि करते.

करडा_दगड, तीन सेक्शनचं काय झालं?

करडा_दगड

दोन झाली. तिसऱ्यात फेल्स्पार अजून किंचित पिवळट वाटला म्हणून आणखी थोडं घासलं, तर अर्धा दगडच गेला, नुसती काच उरली. आज नवी चकती कापलीय. आता फाईन पावडर घेऊन बसतेय, रात्री लिहिते.